एकशे अठराला हात लावू नये

स्फाक्स, सोमवार, ६ जुलै

आदरणीय सी शेदली,

रमजानच्या ईदनंतर तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, त्याची आधी माफी मागते. रक्ताच्या नमुन्यांची पेटी रोज सकाळी लूद बोटीवरून बेटावर रिकामी जाते आणि भरून परत येते. बोटीवरच्या त्या पेटीत एक पाकीट सरकवायला कितीसा वेळ लागतो? तरी साडेतीन महिने झालं नाही. निवृत्त होताना तुम्ही बजावलं होतंत, "आता स्क्रीनवरचं काही वाचणार नाही, लिहायचं तर कागदावर." मी कागद काढायची, तारीख घालायची आणि कुणीतरी हाक मारायचं.

कारण सांगते. कारण की सबब, ते तुम्ही ठरवा.

तुमच्या जागी कुणी आलंच नाही. आमचा नेटवर्क विभाग आता थेट सी लस्सअदच्या हाताखाली आहे. म्हणजे रुग्णालयाचं प्रशासन बघणारा माणूस आता आमच्या तारांकडेही बघतो. वसंतात त्यांनी राजधानीतून एक साधन आणलं. नाव हाजिब, जुन्या दरबारातल्या देवडीवाल्यासारखं. फायरवॉलचे नियम आता आम्ही लिहायचे नाहीत. साध्या भाषेत मागणी टाइप करायची, की तीन एजंट कामाला लागतात. माणसं नव्हेत, प्रोग्रामच. पहिला मागणीचा नियम बनवतो: कुठून, कुठे, कुठल्या दारानं, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. दुसरा तो धोरणाशी ताडून बघतो. तिसरा भिंतीवर चढवतो. मधे माझ्यासाठी एक बटण ठेवलंय: मंजूर.

गेल्या आठवड्यातला संवाद जसाच्या तसा देते. प्रसूती विभागाचा प्रिंटर छापत नव्हता.

मी लिहिलं, "प्रिंटरला शेजारच्या खोलीतल्या संगणकाशी बोलू द्या."

तो म्हणाला, "प्रिंटरला रुग्णालयाबाहेर बोलण्याची गरज का आहे?"

"बाहेर नाही. फक्त शेजारच्या खोलीशी."

"समजलं. बाहेर बोलणं बंद केलं आहे. प्रिंटर आता सुरक्षित आहे."

तो इतका सुरक्षित झाला, की दोन दिवस बाळांचे जन्मदाखले हातानं लिहिले. सुईणबाई मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "नेजिबा, तुझ्या त्या देवडीवाल्याला एकदा बाळंतपणाला बसव, मग कळेल त्याला कुणाला आत घ्यायचं ते."

तुमचे जुने चारशे बारा नियम मे महिन्यात या साधनात घातले. सगळे नजरेखालून घातले. तुमची वही अजून माझ्या खणात आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी उद्याचं एकच काम लिहायची तुमची पद्धत मी बरीच वर्षं चालवली. आता हाजिब रोज सकाळी सतरा कामांची यादी देतो आणि संध्याकाळी त्यातली एकोणीस बाकी असतात.

पहिल्या तारखेपासून उन्हाळी एकपाळी लागली. दोन वाजता ऑफिसातले सगळे घरी, शुक्रवारी एकलाच. घरी आल्यावर डायरी लिहायला वेळ मिळतो, पण तीत हल्ली तक्रारींखेरीज काही नसतं. मागची पानं वाचली तर माझीच मला लाज वाटते.

महर्जिया मावशींचं डायलिसिस कसं चाललंय? दुपारचीच पाळी आहे ना अजून? आई म्हणते, तिच्या या चुलत बहिणीनं फोन उचलणं सोडलंय. त्यांना सलाम सांगा.

तुमची,
नेजिबा


केर्केना, बुधवार, ८ जुलै

नेजिबा, बिन्ती, लेकी,

साडेतीन महिन्यांनी पत्र आलं आणि त्यात प्रिंटर. असो. आलं हे महत्त्वाचं.

इथे उन्हाळ्याची माणसं उतरायला लागलीत. गाड्यांच्या टपावर गाद्या, गाद्यांवर कलिंगडं. लूदच्या रांगेत काल एका बाईनं मला विचारलं, "काका, बेटावर पाणी असतं का हो?" म्हटलं, "चारी बाजूंनी." मी ऑक्टोपस पकडायची मडकी दुरुस्त करत बसलेला असतो. त्या मडक्यांना कुणी मंजुरी मागत नाही.

आता कामाचं. तुझ्या आईची चुलत बहीण फोन उचलत नाही, कारण तिला काय सांगावं ते कळत नाही. ऐक. पहिल्या तारखेपासून दुपारच्या पाळीचे आकडे तुमच्याकडे पोचत नाहीत. एकला पाळी सुरू होते, दोनपर्यंत स्फाक्सचे डॉक्टर त्यांच्या पडद्यावर सगळं बघत असतात: दाब, वेग, किती पाणी काढलं. ठीक दोनला पडदा कोरा. मग पाच वाजेपर्यंत इथला नर्स मोन्जी एका हातानं यंत्र सांभाळतो आणि दुसऱ्या हातानं फोनवर आकडे वाचून दाखवतो. सहा माणसांचे आकडे. डॉक्टर तिकडून ओरडतात.

डॉक्टरांनी तक्रार केली. तुमच्या लस्सअदनं शोध लावला, की दोन वाजता ऑफिसं सुटतात, दोन वाजताच संपर्क तुटतो, म्हणजे नर्स नेटवर्कच्या डब्याची तार काढून पोहायला जातो! तसं लेखी विचारलंय मोन्जीला. मोन्जीला पोहता येत नाही. बेटावर जन्मून पोहता येत नाही म्हणून त्याला आयुष्यभर चिडवलंय आम्ही.

मी काल स्वतः एक ते तीन त्या डब्याशेजारी खुर्ची टाकून बसलो. दिवे हिरवे. कुणी हात लावला नाही. दोनला आकडे जायचे थांबले.

वीस तारखेला लस्सअद निर्णय घेणार आहे. संपर्क भरवशाचा नसेल तर बेटावरची दुपारची पाळी बंद, आणि त्या सहा जणांनी आठवड्यातून तीनदा लूदनं स्फाक्सला यायचं. सकाळच्या पाळीत एक खुर्ची रिकामी नाही. महर्जिया काल जेवताना शांतपणे म्हणाली, "मी बोटीनं जाणार नाही. इथे नसेल तर नको." मी विचारलं, "नको म्हणजे काय?" ती म्हणाली, "भाकरी दे इकडे."

एकोणचाळीस वर्षं संसार केलाय तिच्याशी. ती गंमत करत नव्हती.

तुझ्या देवडीवाल्याला विचार, बेटाचं दार कोण लावतं. आणि एक सांग. माझ्या एकशे अठराला हात लावला नाहीस ना?

शेदली


स्फाक्स, गुरुवार, ९ जुलै

आदरणीय सी शेदली,

पत्र सकाळी नऊला मिळालं. दहा वाजता पहिलं काम तेच केलं.

एकशे अठरा जागेवर आहे. हाजिबनं त्याच्यापुढे हिरवी खूण दाखवली: "चालू." बेटावरून आकडे येताना मी डोळ्यांनी पाहिले, सकाळच्या पाळीचे. मी हाजिबला सरळ विचारलं, "बेटाच्या संपर्कात काही अडचण आहे का?" तो म्हणाला, "सर्व नियम मंजुरीप्रमाणे अंमलात आहेत." अकराला परत पाहिलं. बाराला परत. सगळं ठीक.

रागावू नका, पण अडचण तुमच्या बाजूला असावी. तो डबा पश्चिमेच्या खिडकीत आहे. दुपारनंतर त्याच्यावर ऊन येतं. डबा तापून मान टाकतो, दिवे मात्र हिरवेच राहतात, हे तुम्हीच मला शिकवलंत. मोन्जीला ओला पंचा टाकायला सांगा. डब्यावर नव्हे, खिडकीवर!

आणि सी शेदली, तुम्ही एकशे अठराबद्दल विचारता तेव्हा मला थोडं चिडायला होतं, तेही लिहून टाकते. तुमच्या वहीत प्रत्येक नियमासमोर शेऱ्याचा रकाना आहे. कुणी मागितलं, का मागितलं. चारशे अकरा नियमांपुढे तुम्ही काही ना काही लिहिलंय. एकशे अठरापुढे फक्त: "बेटाचं यंत्र. हात लावू नये. शे." हे काय कारण झालं? तुम्ही गेल्यावर हे वाचणाऱ्यानं काय समजायचं? तुमच्या हाताखाली सोळा वर्षं काढली आणि निम्म्या गोष्टींची कारणं तुम्ही बरोबर घेऊन गेलात.

हे लिहून पुन्हा वाचलं. कठोर वाटतंय. खोडत नाही, कारण खरं आहे. पण मावशींचं बोलणं दोनदा वाचलं. खिडकीचं लगेच बघा.

नेजिबा


केर्केना, रविवार, १२ जुलै

नेजिबा,

खिडकीला घोंगडी लावली. डब्यापुढे पंखा लावला. मोन्जीनं स्वतःचा जेवणाचा बर्फ एका थाळीत घालून डब्याखाली ठेवला. डबा आता माझ्यापेक्षा थंड आहे. काल शनिवारी दोन वाजता पडदा पुन्हा कोरा.

काल महर्जियाची पाळी होती. सव्वातीनला तिचा दाब एकदम उतरला. ओठ पांढरे. एरवी डॉक्टर पडद्यावर उतार सुरू होतानाच बघतात आणि आधीच सांगतात, वेग कमी करा. काल मोन्जी त्या वेळी चौथ्या खुर्चीचे आकडे फोनवर वाचत होता. त्यानं फोन टाकला, तिचे पाय वर घेतले, सलाइन सोडलं. ती परत आली. फोन जमिनीवर पडून ओरडतच होता: "हॅलो! चौथ्याचा दाब किती?" मी उचलून म्हटलं, "चौथ्याचा ठीक आहे, माझा वाढलाय," आणि ठेवून दिला.

संध्याकाळी मोन्जीला नोटीस आली. खुलासा वीस तारखेच्या आत.

आता नीट वाच. मी म्हातारा झालोय, पण घड्याळ बघता येतं मला. सोमवार ते गुरुवार संपर्क दोनला तुटला. शनिवारी दोनला. शुक्रवारी एकला. उन्हाला शुक्रवार कळतो का, बिन्ती? डब्याला जुम्म्याचा नमाज असतो का? शुक्रवारी एक वाजता घरी कोण जातं?

तुम्ही जाता.

तू दहाला बघतेस, अकराला बघतेस, बाराला बघतेस. दोन वाजता तू कुठे असतेस? कलिंगड कापत असतेस घरी. आमचा पडदा कोरा होतो तेव्हा तुमच्या इमारतीत तो बघायला कुणीच नसतं. तुमच्या भिंतीला कुणीतरी घड्याळ लावलंय. उद्या दोन वाजता खुर्चीतून उठू नकोस.

शेदली

(खाली महर्जियाच्या सांगण्यावरून:) मी बरी आहे. याचं ओरडणं मनावर घेऊ नकोस. "बिन्ती बिन्ती" म्हणतो, पोटच्या मुलीला असं लिहिलं असतं का म्हणून मी त्याला विचारलं, तर म्हणतो, लिहिलं असतं. आईला सांग, फोन करीन.


स्फाक्स, मंगळवार, १४ जुलै

आदरणीय सी शेदली,

हे पत्र मी कालपासून तीनदा सुरू करून फाडलं. आता जसं झालं तसं लिहिते.

काल बसून राहिले. पावणेदोनला गॅलरीतून किल्ल्यांचे आवाज, मग जिन्यातली पावलं, मग काही नाही. पहारेकऱ्यानं डोकावून विचारलं, "घरी भांडण झालं का, मॅडम?" एक एकोणसाठला एकशे अठरापुढे हिरवी खूण होती. दोनला ती करडी झाली. लाल नाही. काही बिघडलं असतं तर लाल झाली असती. करडी म्हणजे "वेळेबाहेर, ठरल्याप्रमाणे बंद".

मी नियम उघडला. पूर्ण. पहिल्यांदाच. तुम्ही वेळेच्या जागी "नेहमी" लिहिलं होतंत. आता तिथे आहे: "रुग्णालयाच्या कार्यालयीन वेळेत." मे महिन्यात ती वेळ सहापर्यंत होती, म्हणून कुणाला काही कळलं नाही. पहिल्या जुलैला रुग्णालयाच्या दिनदर्शिकेत एकपाळी लागली आणि हाजिबनं इमानदारीनं बेटाचं दारही दोनला लावायला सुरुवात केली. शुक्रवारी एकला.

मी विचारलं, "हा बदल कुणी केला?"

"बदल सुचवला: पहिला एजंट. कारण: तीस दिवसांच्या पाहणीत या नियमाचा वापर कार्यालयीन वेळेबाहेर आढळला नाही. शेऱ्यात 'नेहमी'चं कारण आढळलं नाही. प्रश्न विचारला: वेळ मर्यादित करावी का? मंजूर केलं: नेजिबा, १९ मे, अकरा बेचाळीस. एकसष्ट नियम एकत्र."

एकसष्ट. मला तो दिवस आठवला. डायरी काढून बघितली. त्या दिवशी लिहिलंय: "आज बरंच उरकलं, हलकं वाटलं." तुम्हाला मात्र मी लिहिलं, सगळे नियम नजरेखालून घातले. नजरेखालून गेले हे खरं, सी शेदली. वाचले नाहीत. मी त्या शब्दाच्या आड लपले. खाली खाली सरकवत गेले आणि शेवटी बटण दाबलं. त्यानं विचारलं होतं. इतके आठवडे मी त्याला मूर्ख म्हणतेय, आणि एकशे अठराबद्दल प्रश्न विचारणारा या इमारतीत तोच एक होता.

लगेच दुरुस्त करायला गेले. हाजिब म्हणाला, वेळ वाढवायला दुसरी मंजुरी लागते, सी लस्सअदची. सी लस्सअद दोनला समुद्रावरच्या घरी गेलेले. फोन बंद. म्हणजे दार दोनला लागतं आणि उघडणाराही दोनलाच जातो!

आज सकाळी त्यांना गाठलं. ते कॉफी पीत होते. सगळं सांगितलं.

"म्हणजे साधनाचा दोष," ते दचकून म्हणाले. साधन त्यांनी आणलंय ना.

"साधनानं विचारलं होतं. मी न वाचता हो म्हटलं."

"हे असं कागदावर आणू नकोस, नेजिबा. 'तांत्रिक अडचण' लिही. तांत्रिक अडचणीला नाव नसतं."

"आणि मोन्जीची नोटीस?"

"ती ताकीद आहे नुसती. सप्टेंबरमध्ये कुणाच्या लक्षातही राहणार नाही."

मी गप्प बसले. हेही लिहिते, कारण ते मला सोडत नाही. मला दुपारच्या आत मंजुरी हवी होती, म्हणून गप्प बसले. की नावाशिवाय सुटतेय म्हणून बसले? दोन्ही असेल.

त्यांनी चोवीस तासांची तात्पुरती परवानगी दिली. बेटाचं दार आज दुपारी उघडं राहील. मावशींची आज पाळी आहे, आकडे पोचतील. पण कायमच्या "नेहमी"साठी हाजिब कारण मागतो. मी लिहिलं, "पूर्वीप्रमाणे." नाकारलं. लिहिलं, "बेटाचं यंत्र, हात लावू नये." तो म्हणाला, "ही सूचना आहे, कारण नाही." लिहिलं, "दुपारची पाळी." तो म्हणाला, "मग बारा ते सहा पुरेसं आहे. रात्री आणि रविवारी कशासाठी?"

बारा ते सहा घेऊ का? लगेच मिळेल. खरं सांगायचं तर मलाही कळत नाही, रविवारी कशासाठी. तुम्ही का लिहिलं होतंत "नेहमी"?

नेजिबा


केर्केना, शुक्रवार, १७ जुलै

नेजिबा,

मंगळवारी आकडे पोचले. डॉक्टर फोनवर मोन्जीला म्हणाले, "आज पोहायला गेला नाहीस वाटतं." मोन्जी हसला, पण मी त्याच्या शेजारी होतो, त्याचे कान लाल झाले होते. बुधवारी आणि काल परत अंधार. लस्सअद ट्यूनिसला गेलाय असं कळलं. म्हणजे तुमची चोवीस तासांची परवानगी त्याच्याबरोबर फिरायला गेली.

तुझं पत्र वाचून मला वाटलं, पोरगी गप्पच राहणार. "तांत्रिक अडचण" लिहिणार. मी लस्सअदला लिहायला कागद घेतला आणि तुझं नाव घालून चार ओळी लिहिल्यासुद्धा. महर्जियानं वाचल्या. ती म्हणाली, "तिनं तुला कळवलं नसतं तर तुला हे कळलं असतं का?" मी कागद चुलीत घातला. तुझं तू बघ.

आता माझं. तू नऊ तारखेला मला फटकारलंस ते बरोबर होतं. दोन दिवस मडक्यांवर राग काढला, तीन फुटली.

बेटावर यंत्रं नव्हती तेव्हा महर्जियाची आई लूदनं स्फाक्सला जायची. एका फेब्रुवारीत वारा सुटला. लूद तीन दिवस निघाली नाही. आम्ही तिला रोज सकाळी घोंगडीत गुंडाळून धक्क्यावर न्यायचो, बोटीचा माणूस हात हलवायचा, आम्ही परत आणायचो. तिसऱ्या दिवशी परत आणलीच नाही, धक्क्यावरच गेली ती. महर्जिया तिचे पाय चोळत होती. म्हणून ती बोटीत बसत नाही. तिनं हे कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या आईलाही नाही.

दोन वर्षांनी इथे यंत्रं आली. मी तेव्हाच ठरवलं. वारा सुटला की इथे वीज जाते. मग जेव्हा येईल तेव्हा यंत्रं चालवायची, रविवार असो, पहाट असो. त्या वेळी डॉक्टर इकडे येऊ शकत नाहीत, आकडेच तिकडे जाऊ शकतात. आठ वर्षांत असं पाच वेळा झालं. तुझ्या देवडीवाल्यानं तीस दिवस पाहिले, तेही एप्रिल-मेमधले. फेब्रुवारी त्यानं पाहिलेला नाही.

शेऱ्याच्या रकान्यात हे लिहायला बसलो होतो तेव्हा. हात चालेना. सासूचं मरण एका चौकोनात कसं बसवायचं? म्हणून लिहिलं, हात लावू नये. वाटलं, मी आहेच की इथे विचारायला.

बारा ते सहा घेऊ नकोस.

शेदली


स्फाक्स, सोमवार, २० जुलै

आदरणीय सी शेदली,

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. मी ते दोनदा वाचलं आणि मग हाजिबपुढे बसले. "कारण" म्हणून जे लिहिलं ते तुम्हाला दाखवणं माझं कर्तव्य आहे, कारण त्यातलं दुःख तुमच्या घरचं आहे:

"बेटावर डायलिसिसची यंत्रं आहेत. वादळात बोट बंद होते आणि वीज जाते. वीज येईल त्या वेळी, कुठल्याही दिवशी, उपचार करावे लागतात. तेव्हा स्फाक्सच्या डॉक्टरांना रुग्णाची स्थिती कळण्याचा हा एकच मार्ग आहे. यंत्रं नसताना तीन दिवस बोट न निघाल्यानं एक रुग्ण धक्क्यावर दगावली. हा नियम मर्यादित करण्यापूर्वी बेटावरच्या नर्सला फोन करून विचारावं."

मावशींचं किंवा त्यांच्या आईचं नाव घातलं नाही. मला वाटलं, तेवढं तुमचंच राहावं. चुकलं असेल तर सांगा.

मी कसल्या उत्तराची वाट बघत होते कोण जाणे. हाजिब म्हणाला, "कारण नोंदवलं. दुसऱ्या मंजुरीसाठी पाठवलं." बस्स. इतका राग आला! आणि मग वाटलं, त्याला लिहिलेलं कारण पुरलं. रडायला माणसं आहेत.

आज बाराला बैठक होती. तिच्या आधी मी सी लस्सअदच्या टेबलावर एक पान ठेवलं. खाली माझं नाव, सही. १९ मे, अकरा बेचाळीस, एकसष्ट नियम, न वाचता. मोन्जीचा काही संबंध नाही.

त्यांनी चष्मा काढला. "तुला मी काय सांगितलं होतं?"

"तांत्रिक अडचणीला नाव नसतं, म्हणालात. नोटिशीवर मात्र मोन्जीचं नाव आहे."

"हे तुझ्या फायलीत जाईल. कायमचं."

"जाऊ दे. पण आधी कायमची मंजुरी द्या, पावणेबारा झालेत. मंगळवारसारखं चोवीस तासांचं नको."

"हुकूम सोडतेस आता मला?" ते म्हणाले, पण बटण दाबलं. दाबण्याआधी कारण वाचलं. मला ते दिसत होतं, त्यांचे ओठ हलत होते. "माझे वडील बेटावरचेच होते," वाचून झाल्यावर ते म्हणाले. हे मला आजच कळलं.

निर्णय असा: मोन्जीची नोटीस मागे. पत्र याच पेटीतून येतंय, तुमच्या हातानं त्याला द्या. दुपारची पाळी चालू राहील. अट एकच. एकपाळी संपेपर्यंत, म्हणजे ऑगस्टअखेरपर्यंत, रोज दोन ते पाच इथे कुणीतरी जबाबदार माणूस पडद्यासमोर हजर हवा, आणि त्यानं रोज सही करायची. "उन्हाळ्यात कोण बसणार?" त्यांनी बैठकीत विचारलं. सगळे आपापल्या किल्ल्यांकडे बघायला लागले. मी नाव दिलं. सुईणबाई मागून म्हणाल्या, "देवडीवाल्याला देवडीवाली मिळाली."

पहारेकऱ्याला आजच सांगून ठेवलंय, की घरी भांडण झालेलं नाही.

त्या तीन तासांत ते उरलेले साठ नियम वाचून काढीन, एकेक, पूर्ण. तुमच्या वहीशी ताडून. जिथे कारण नाही तिथे तुम्हाला विचारीन, आणि तुम्ही "हात लावू नये" असं उत्तर पाठवलंत तर पत्र परत पाठवीन. एक मला आत्ताच सतावतंय. एकशे चाळीस, पुढे तुमच्या अक्षरात: "वेडेपणा आहे, पण चालू द्या." कसला वेडेपणा?

उद्या मंगळवार, मावशींची पाळी. त्यांना सांगा, दोन वाजल्यानंतर त्यांचे आकडे डॉक्टरांबरोबर मीही बघत असेन. मला त्यातलं काही कळत नाही. पण येतायत एवढं कळेल.

हाजिबनं आज बावीस कामांची यादी दिली होती. ती बंद करून तुमची वही काढली, शेवटचं कोरं पान उघडलं आणि तळाशी लिहिलं. इथेही तेच लिहून थांबते.

उद्या: दोन वाजता खुर्चीतून न उठणे.

नेजिबा